डॉक्टरांपासून लपवलेला राघू

या माऊल्यांनो, पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या, सतरंजी मोठी आहे. आज गास गावच्या विनयावहिनीची गोष्ट ऐकवायची आहे.

विनयाचा नवरा हरेश दिवसभर भाजीच्या वाडीत राबायचा आणि कीर्तन असलं की पखवाजावर बसायचा. पोटी मूल नाही. होता तो एक राघू. झाडाखाली पडलेलं पिल्लू हरेशने उचलून आणलेलं. त्याला रामकृष्णहरी म्हणायला शिकवलं, आणि लाड तरी किती! पेरूची फोड हरेशने दातांत धरायची, राघूने चोचीने ओढून घ्यायची.

राघू पाळणं कायद्यात बसत नाही. शेजारच्या आळीतला पिंजरा जंगलखात्याने उचलला, तेव्हा हरेशने विनयाला गळ्यातल्या तुळशीमाळेवर हात ठेवायला लावला. "राघूचं नाव परक्यापुढं काढायचं नाय."

पुढे राघू पिसं फुगवून गप्प बसू लागला. पाठोपाठ हरेश तापला. डोकं ठणके, कोरडा खोकला थांबेना.

"पखवाज बडवून दमलो म्हनता, पन त्यानं कोनाला खोकला होतो का?" विनया टोमणे मारी, तो हसून वाडीत जाई. एका सकाळी मात्र घराची पायरी चढताना त्याला धाप लागली.

माणिकपूरच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. निमोनिया. नेहमीची इंजेक्शनं सुरू झाली, पण ताप हटेना. ऑक्सिजन वाढवत न्यावा लागला.

डॉक्टर मर्लिननी विचारलं, "काकी, घरी कोंबड्या, कबुतरं, पोपट असं काही?"

"नाय बाय! आमच्याकडं कसला पक्षी?"

शेजारी धाकटा दीर शत्रुघ्न उभा होता. त्याने मान खाली घातली. बाहेर येऊन म्हणाला, "वैनी, ही पक्ष्याचं का इचारते?"

"जंगलखात्याला वरदी द्यायची असंल. तू घरी जा, राघूला दाना-पानी बघ."

घरून त्याचा फोन आला. "वैनी, राघू डोळे मिटून बसलाय. नाक वाहतंय. दादासारखाच धापतोय गं."

दादासारखाच! विनयाने आत पाहिलं. काचेपलीकडे हरेशची छाती भात्यासारखी हलत होती. माळ मुठीत घट्ट धरून ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"बाय, खोटं बोलले मी. घरी राघू हाय, तोही आजारी हाय. हे त्याला तोंडानं भरवतात. शपथ मोडली, पाप लागलं तर मला लागू दे. पन त्यांना वाचवा."

"अहो काकी, मला काय जंगलखातं पगार देतं?" डॉक्टर उठल्याच. "पोपटापासून लागणारा एक जंतू असतो. ही इंजेक्शनं त्याला लागूच पडत नाहीत. कुणी नुसतं खोकून बरं होतं, कुणाला थेट श्वासाचं मशीन लागतं. नमुना तपासायला पाठवते, पण औषध आत्ताच बदलते."

मशीन खाटेशेजारी आणून ठेवलं होतं. ते लावायची वेळ आली नाही. ताप हळूहळू उतरला, आणि एकदाची हरेशने पेज मागितली.

राघूला शत्रुघ्नने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, पण तो वाचला नाही. हे हरेशला सांगायचं कुणी? शेवटी विनयानेच सांगितलं; शपथ मोडल्याचंही सांगितलं.

हरेशने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तुला शपथ घातली ती मी. त्याला पिंजऱ्यात कोंडला तोही मीच. तू काय चुकलीस?" आणि तिचा हात धरून पोरासारखा रडला.

माऊल्यांनो, हरेश आज पुन्हा पखवाजावर बसतो. तुम्ही हरिपाठाला बसाल तेव्हा एक नाम त्या बोलक्या राघूसाठी घ्या. त्याने जन्मभर तेच घेतलं होतं.