तिसरं उत्तर

मास्तर उभं आयुष्य लोकांना मोटार चालवायला शिकवत आले. परवान्याची परीक्षा घेणारा साहेब काय काय विचारतो, ते त्यांना तोंडपाठ होतं. शिकणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर थरथरत असले तरी ते म्हणायचे, "गाडी हळूहळू येईल. आधी उत्तरं पाठ करा. साहेबासमोर अडखळलात की संपलं." त्यांची माणसं सहसा नापास होत नसत. त्यामुळे कौटुंबिक न्यायालयातल्या न्यायाधीशबाई नातीशी स्वतः बोलणार आहेत असं कळलं, तेव्हा मास्तरांना सुचलं तेही हेच.

नातीला घरात ठकी म्हणत. दुसरीत होती. तिची आई, म्हणजे मास्तरांची मुलगी, इस्पितळात नर्स होती आणि तिला बहुतेक रात्रपाळीच असे. ठकीचा बाप चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवायचा. दारू नाही, मारहाण नाही. पण नवराबायकोचं बोलणं कधीच आटून गेलं होतं, आणि उरलं होतं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं होतं. शेवटी ती ठकीला घेऊन वडिलांकडे राहायला आली. वेगळं व्हायला दोघांचीही ना नव्हती. प्रश्न एकच राहिला होता, ठकी कुणाकडे राहणार.

मुलीच्या वकीलबाईंनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं होतं, "तुमच्या मुलीची रात्रपाळी ही आपली लंगडी बाजू. तिकडे ठकीची आजी चोवीस तास घरात असते. आपल्याकडे रात्री कोण? तुम्ही. म्हणजे सगळी मदार तुमच्यावर आहे, मास्तर."

हे मास्तरांनी फारच मनावर घेतलं.

न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी दोन्ही बाजूंना एका टेबलाभोवती बसवून बजावलं, "मुलीला काही पढवून आणू नका. तिला जे वाटतं ते तिला बोलू द्या. आम्ही रोज मुलांशी बोलतो, आम्हाला कळतं."

जावई खाली मान घालून "हो" म्हणाला. मास्तरही "हो" म्हणाले. जिना उतरताना मात्र मुलीला म्हणाले, "हे सगळ्यांनाच सांगतात. परीक्षेच्या हॉलबाहेर पाटी असते ना, तसलं."

"अप्पा, खरंच तिच्याशी काही बोलू नका. तिला माझ्याजवळच राहायचंय. ती आपण होऊन सांगेल."

"मी कुठे काय बोलतोय?"

"तुमचा चेहरा बोलतोय."

मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी ठकीला गाडीत बसवलं, गाडी मैदानाच्या कडेला लावली आणि शिकवणी सुरू केली.

"त्या बाई विचारतील, तुला कुणाकडे राहायचंय?"

"आईकडे."

"पूर्ण वाक्य."

"मला आईकडे राहायचंय."

"शाब्बास. दुसरा प्रश्न. आई रात्री कामाला जाते, मग तुझ्याजवळ कोण असतं?"

"तुम्ही. आणि तुम्ही घोरता."

"घोरणं काढून टाक. 'आजोबा माझा अभ्यास घेतात आणि रात्री माझ्याजवळ असतात.' म्हण."

ठकीने म्हटलं. तिला मजा वाटत होती. आजोबा इतर वेळी मोठ्या माणसांना शिकवत, आज एकट्या तिला शिकवत होते.

"आता तिसरा. बाबांकडे का नको?"

ठकी खिडकीच्या काचेवर बोट फिरवत बसली. "बाबांकडे पण मज्जा असते."

मास्तर तिच्याकडे वळून बसले. "मज्जा असते, पण तिथे भीती नाही वाटत?"

"नाही."

"कधीच नाही? आठव."

"बाथरूममधला दिवा गेला की वाटते."

"बघ! कुणाच्या घरातला दिवा?"

"बाबांच्या."

"मग झालं तर. 'बाबांच्या घरी मला भीती वाटते.' यात खोटं काय आहे?"

"आपल्या बाथरूममध्ये पण वाटते."

"ते त्या विचारणार नाहीत."

ठकीने थोडा विचार केला आणि वाक्य म्हणून दाखवलं. पहिल्यांदा चाचरली, मग चाचरली नाही. रोज शाळा सुटली की हेच चाले. आईला सांगायचं नाही, आपण तिला एकदम पास होऊन दाखवायचं, असं ठरलं होतं. ठकीच्या पोटात एरवी काही राहत नसे, पण हे राहिलं.

तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या बोळात नेहमीसारखीच गर्दी होती. बाकांवर माणसं अशी बसली होती की नवऱ्याकडची एका भिंतीला आणि बायकोकडची समोरच्या. मधून शिपाई फायली घेऊन ये-जा करत होता. एका बाकावर एक म्हातारी आणि तिची सून एकमेकींकडे पाठ करून एकाच डब्यातलं खात होत्या. डबा एकच आणला होता, त्याला काय करणार! जावई खांबाजवळ उभा होता. ठकीने त्याला लांबूनच हात केला. त्यानेही केला. मास्तरांनी तिचा हात धरून खाली घेतला.

नाव पुकारलं तशी समुपदेशक बाई येऊन ठकीला आत घेऊन गेल्या. बाकी कुणालाच आत सोडलं नाही. दार बंद झालं.

ठकीची आई रात्रपाळी करून तशीच आली होती. ती डोळे मिटून म्हणाली, "अप्पा, गेल्या महिन्यात समुपदेशक बाई आपल्याकडे घर बघायला आल्या होत्या ना, त्या वकीलबाईंना म्हणाल्या, मुलगी इथे छान रुळलीय. तसंच लिहिणार होत्या."

"मग होईलच आपल्या मनासारखं," मास्तर म्हणाले. दाराआडून काही ऐकू येतंय का म्हणून ते सारखे तिकडेच बघत होते.

दार लवकरच उघडलं. ठकी नाचतच बाहेर आली आणि आजोबांच्या कानाशी लागली. पण तिचं कानात बोलणं बोळभर ऐकू जायचं.

"आजोबा, मी सगळी उत्तरं दिली! त्यांनी विचारलं नाही तरीपण दिली!"

आईने डोळे उघडले.

"विचारलं नाही म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांनी नुसतं विचारलं, तुला कुठला रंग आवडतो. मला वाटलं, मी विसरून जाईन. म्हणून मी तिन्ही म्हणून टाकली. मग त्या म्हणाल्या, बाबांच्या घरी कशाची भीती वाटते? ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. म्हणून मी परत तिसरं म्हटलं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, सांगायचं नाहीये. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, गाडीत शिकवलं की घरात? मी म्हटलं, गाडीत."

ठकीची आई उठून उभी राहिली. ओरडली नाही. समोरच्या भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा बसली. मास्तर तिला काहीतरी सांगू लागले तेव्हा तिने फक्त हात वर केला.

दुपारनंतर आत बोलावलं. न्यायाधीशबाईंनी आवाज न चढवता वाचून दाखवलं. मुलीचा आईवर जीव आहे याबद्दल शंका नाही. पण आई कामावर असते तेव्हा मुलगी ज्या व्यक्तीच्या ताब्यात असते, त्याच व्यक्तीने तिच्या मनात बापाविषयी खोटी भीती भरली आहे. समुपदेशकांनी मनाई करूनही भरली आहे. अशा देखरेखीत मुलीला ठेवता येणार नाही. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी वडिलांकडे राहील. आईने तिला आपल्या सुट्टीच्या दिवशी न्यावं. आईच्या वडिलांनी मुलीला एकट्याने भेटू नये.

मास्तर तिथेच उभे राहून म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. मला काय ती शिक्षा करा. पोरीला कशाला?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "ही शिक्षा नाही, आजोबा. ही व्यवस्था आहे." आणि पुढची फाईल उघडली.

बाहेर वकीलबाई भराभर सांगत होत्या. अर्ज करता येईल, रात्रपाळी बदलून घ्या, रात्री दुसरं कुणी सोबतीला मिळतं का बघा. ठकीची आई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. शेवटी तिने वडिलांकडे पाहिलं.

"ती तेच म्हणणार होती, अप्पा. आईकडे राहायचंय, एवढंच. तिच्या शब्दांत."

"मला वाटलं, अडखळेल."

"अडखळू द्यायचं होतं ना."

न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत ठकीला बापाच्या हवाली करायचं होतं. खोलीत रंगीत खुर्च्या होत्या, चाकं नसलेली मोटार होती आणि भिंतीवर कुणीतरी खडूने काढलेलं घर होतं. ठकी मोटार पुढेमागे घासत बसली होती. तिची आई दारातच थांबली. "आत आले तर पाय निघणार नाही," असं काहीसं पुटपुटली. मास्तर मात्र आत गेले. जावई आत आला, गुडघ्यांवर बसला.

"चल ठके, जाऊया आपण?"

ठकी उठली. एक पाऊल पुढे टाकलं आणि थबकली. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि सरळ उभी राहून म्हणाली, "बाबांच्या घरी मला भीती वाटते." मग हळूच विचारलं, "आजोबा, बाबांसमोर पण म्हणायचं का?"

जावयाने मास्तरांकडे वर पाहिलं. त्याच्या बोटांवर काचांची पांढरी भुकटी तशीच होती. तो दोन शब्द तोडून बोलला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

मास्तर मोठ्या कष्टाने त्या बुटक्या खुर्चीवर टेकले. "नाही, ठके. ते आता म्हणायचं नाही. ते खोटं होतं. मी शिकवलेलं. तुझे बाबा चांगले आहेत. त्यांच्या घरी घाबरण्यासारखं काही नाही."

ठकीने लक्ष देऊन ऐकलं. तिचे ओठ हलत होते.

"हे पण पाठ करायचं?"

"नाही गं, बाळा. हे खरं आहे."

"ते पण तुम्ही खरंच म्हणाला होता."

जावयाने ठकीचं दप्तर उचललं, तिचा हात धरला. दारात आई खाली वाकली. तिने लेकीला छातीशी धरलं आणि सोडायला शिपायाला दोनदा खाकरावं लागलं. मग बापलेक बोळातून चालू लागली. दोन्ही भिंतींच्या बाकांवरची माणसं त्यांना वाट द्यायला पाय आखडून घेत होती. ठकी बापाला काहीतरी विचारत होती आणि तो वाकून ऐकत होता.

मास्तरही उठून त्यांच्या मागे निघाले, तेवढ्यात समुपदेशक बाई दारात आडव्या आल्या. "तुम्ही नका जाऊ," त्या म्हणाल्या. "एकट्याने भेटायचं नाहीये तुम्हाला."

"मी फक्त रस्त्यापर्यंत—"

"अप्पा," मुलगी म्हणाली, "बसा तिथेच."

ते बसले.