टोकाची वाट

साहेब, पुंजाजीला तुम्ही मारलंत. हात न लावता, नुसते फेरे मोजून मारलंत.

मित्रांनो, दचकू नका. मी वऱ्हाडातल्या एका तुरुंगातल्या तेलघाण्याचा जुना दांडा आहे. सुलतानपूरच्या शिवारात बाभूळ म्हणून उभा होतो. तोडला, तासला, इथे आडवा बसवला. इथे बैल नव्हते. मला कैदी ढकलत.

आत, घाण्याच्या मधल्या उखळाजवळ गफ्फार पिंजारी. बाहेर, माझ्या टोकाला पुंजाजी. मी फिरलो की दोघांचा फेरा एकदमच पुरा व्हायचा. शाळेत याला कोनीय वेग म्हणतात. दांड्यावर कुठेही उभे राहा, तो सारखाच. पण आतली वाट आखूड, टोकाची लांब. गफ्फार सावकाश पावलं टाकायचा, तेवढ्यात पुंजाजीला धावावं लागायचं. आणि तुरुंगाच्या मोठ्या साहेबांचा हुकूम होता, जागा बदलायची नाही.

पुंजाजी तापाने फणफणला. गफ्फार म्हणाला, "जमादारसाहेब, मले टोकाले जाऊ द्या. हा पडंल."

"काऊन बे? साहेब म्हणते फेरे दोघायचे सारखेच हायेत."

"मंग तुम्ही धरा टोक, मी आत राह्यतो. सारखंच हाय ना?"

गफ्फारच्या पाठीत काठी बसली. पुंजाजी धापा टाकत हसला. "राहू दे गफ्फारभाई. बायको म्हणे, तुम्ही घर सोडून कुठी हिंडतच नाही. आता पाह्य म्हणा!"

त्याच दुपारी तो पडला, तो उठलाच नाही. साहेबांनी गफ्फारकडे बोट दाखवलं. "फेरे सारखे. हा तर उभा आहे!"

हुकूम बदलला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी गफ्फारला एकट्यालाच, आतल्याच जागी जुंपलं. आत वाट आखूड, पण जोर दुप्पट लागतो; तिथून एकट्याने मला हलवणं अशक्य. तरी मी हललो. माझ्या टोकाला कुणाचे तरी तापलेले तळवे टेकले होते. बाहेरच्या वाटेवर माणूस नव्हता, पण धुळीत पावलं उमटत होती. मागून खोकला येत होता. गफ्फारने मान वळवली नाही. नुसता पुटपुटला, "पुंजाजीभाऊ, आता तं आत ये."

पावलं धावतच राहिली.

साहेबांनी घाणा बंद केला, दोन्ही वाटा मातीने बुजवल्या, मला भिंतीला टेकवलं. मला वाळवी लागली. टोकाला मात्र ती शिवत नाही. तिथे अजून ऊब आहे.

मित्रांनो, कुणाचं काम मोजाल तेव्हा तो कुठे उभा होता तेही बघा.

आणि साहेब, तुम्ही सांगा. आतली वाट बुजली ती बुजली. फेरे सारखे होते, तर टोकाचीच वाट रोज पुन्हा खोल का होते? बोला. उत्तर द्या.