दयाबाईच्या नानकटाईचं तूप

कोरोनात माझं नाक गेलं. तेव्हापासून वास येत नाही आणि चव अर्धीमुर्धी कळते. असल्या माणसाला सगळं विचारून करावं लागतं. दूध नासलं का, गॅस चालू राहिला का. माझी बायको दयाबाई होती तोवर तिला विचारायचो. ऑगस्टमध्ये ती गेली. आता विचारायला कुणी नाही, म्हणून मी प्रत्येकावर संशय घेतो. दूधवाल्यावर घेतो, किराणावाल्यावर घेतो. ऑक्टोबरपासून माझ्या लुंगीला मुंग्या लागायला लागल्या, तेव्हा शेजाऱ्यांच्या पोरांनी गॅलरीत साखर सांडली म्हणून त्यांच्याशीही भांडून झालं.

मी दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होतो. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. नाताळच्या सकाळी चर्चमधली उपासना संपली की आमच्या मंडळीत चहा असतो, आणि चहाबरोबर दयाबाईची नानकटाई. साजूक तुपातली. कोरोनानंतर तर लोक म्हणायचे की तिची नानकटाई आधीपेक्षाही खुसखुशीत झालीय. मला कळत नव्हतं, पण ऐकून बरं वाटायचं.

या वर्षी मंडळीतल्या वच्छलाबाई घरी आल्या. म्हणाल्या, "दावीदभाऊ, औंदा नानकटाईचं राहू द्या. आम्ही बिस्किटाचे पुडे आणतो."

"का? मी मेलो न्हाई अजून."

"तसं न्हाई ओ. बाईंची सर कुठून येणार?"

तिथं मी ठरवलं. पहिल्याच नाताळला तिच्या ताटात बिस्किटाचे पुडे ठेवायचे नाहीत.

तूप मी दरवर्षी स्वतः आणतो. कासुर्डीच्या नवनाथकडून दोन किलो. तो माझ्यासमोर लोणी कढवतो. मी उभा राहून बघतो, कारण डब्यात काय भरलं ते मला वासावरून कळणार नाही. या वर्षीही तसंच आणलं. एक किलो घरी ठेवलं आणि एक किलो, मैदा, रवा, पिठीसाखर, वेलची असं सगळं पिशवीत घालून अयुबच्या बेकरीत गेलो.

आमच्याकडे अशीच पद्धत आहे. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. आणि आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय का ते बघायला बायका भट्टीसमोर बसून राहतात. दयाबाईही बसायची. मी पिशव्या दारात ठेवून स्टेशनकडे चहाला जायचो आणि तीन तासांनी डबे उचलायला यायचो. आत कधी गेलो नव्हतो.

"मामा, तुम्ही?" अयुब म्हणाला. पंचेचाळिशीचा असेल. त्याचे वडील होते तेव्हापासून आमचं सामान तिथंच जातं. "बसा. चहा सांगू?"

"चहा नको. इथंच बसतो."

त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. "हे तूप घालायचं?"

"मग काय डोक्याला लावायला आणलंय?"

"सगळं?"

"सगळं."

"तसं न्हाई मामा. बाई कसं करायच्या, तुम्हाला ठावं हाय ना?"

"तुपात करायच्या. आन् काय ठावं पाहिजे?"

 मला तिथंच काहीतरी खटकलं. चाळीस वर्षं भट्टीसमोर उभं असलेलं घर, आणि तूप घालायचं का म्हणून विचारतं? मी स्टूल पुढं ओढलं. पीठ मळलं तेव्हा बघितलं. गोळे केले तेव्हा बघितलं. मधे एकदा तो डबा घेऊन आतल्या खोलीत गेला. दोन मिनिटं गेला असेल. परत आला तर डबा रिकामा, आणि हातातल्या पातेल्यात काहीतरी पातळ.

"डबा आत का नेला?"

"तूप थिजलं हुतं. गरम केलं जरा."

ताट भट्टीतून बाहेर आलं आणि मला उत्तर मिळालं असं वाटलं. नानकटाई पोळीसारखी पसरली होती. एकीत एक घुसलेली. दयाबाईची वरून फुगायची, तडे जायचे. ही सपाट. नाक नसलं तरी डोळे आहेत मला.

अयुब म्हणाला, "चवीला बरी असंल मामा."

 डबे उचलले. वाटेत वच्छलाबाईंच्या दारात थांबून एक खायला दिली.

त्यांनी चावली. "वाईट न्हाई."

"पण?"

"पण बाईंची न्हाई."

म्हणजे अयुबनं माझं तूप आत ठेवून घेतलं आणि दुसरंच काहीतरी घातलं. बाईमाणूस डोळ्यात तेल घालून बसायचं, आता म्हातारा आलाय, त्यात नाक गेलेला. सगळ्या दौंडला माहीत आहे की माझं नाक गेलंय.

मी जस्मिनला फोन लावला. माझी मुलगी, शिरूरला असते.

"पप्पा, अयुबमामा असं करायचे न्हाईत," ती म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"मग घरीच करून बघा. सोपं हाय. कुकरमधी करा."

तिनं सांगितलं तसं केलं. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली. तळाला वाटीभर मीठ, मिठावर स्टँड, स्टँडवर तूप लावलेली ताटली. तूप आणि पिठीसाखर हातानं फेसायची, मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं. खरंच सोपं आहे. एवढं सोपं असेल हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. तिनं तूप थंड पाहिजे म्हणून बजावलं होतं, ते मी विसरलो. पण तूप नवनाथचं होतं आणि माझ्या घरातून हललं नव्हतं. इथं कुणी काही बदलू शकत नव्हतं.

झाकण उघडलं. सपाट. अयुबच्यासारखीच, एकीत एक घुसलेली.

दुसऱ्यांदा केली, तूप थंड करून. थोडी कमी पसरली. तीही वच्छलाबाईंकडे नेली.

"ही बाईंची का?"

"न्हाई ओ. तुम्ही मला नाताळच्या आधीच शुगर लावाल."

म्हणजे अयुबनं काही ठेवून घेतलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो. गुडघे दुखत होते. मग दुसरा संशय आला, आणि तो आलेला मला आवडला नाही. माझ्या तुपाची नानकटाई अशी होते, तर दयाबाईची कशाची होती? आणि मी आणलेलं तूप जायचं कुठं?

पुन्हा जस्मिनला फोन.

"तुझी आई तुला तूप द्यायची का? खरं सांग."

"मला? मला तर तिनं कधी डालडासुद्धा दिला न्हाई. काय झालंय पप्पा?"

"काई न्हाई."

मंडळीला तिनं साजूक म्हणून सांगितलं. मला सांगितलं. पस्तीस वर्षांत तिनं माझ्याशी खोटं बोललेलं मला माहीत नव्हतं, आणि आता विचारायला ती नाही. तेवीस तारखेला सकाळीच मी बेकरीत गेलो.

"अयुब, दयाबाई तूप कुणाला द्यायची?"

तो पाव मोजत होता. मोजायचा थांबला. "मामा, त्यांनी सांगू नको म्हणलंय."

"ती गेली आता."

"म्हणून तर. आता कसं सांगू?"

"मी तुझ्यावर चोरीचा संशय घेतला, अयुब. तीन दिवस. आता तिच्यावर घेतोय. सांगून टाक."

त्यानं हात पुसले. "कुणाला न्हाई दिलं. डबा मी जसाच्या तसा परत करायचो. नानकटाईला माझ्याकडचा डालडा. चार वर्षं. कोरोनानंतर तुमचं अंग भरंना, डॉक्टर म्हणले तूप खा, तुम्ही खाईनात. बाई म्हणायच्या, ताटात वाढलं तर परत वाटीत काढतील, तूप पाव्हण्यांसाठी असतं म्हणतील."

ते खरं होतं. माझ्या आईच्या घरात तूप पाव्हण्यांनाच होतं. मला ते स्वतःच्या भातावर बघवत नाही.

"मग?"

"मग काय, डाळीत, भाकरीच्या पिठात, जिथं दिसणार न्हाई तिथं घालायच्या. म्हणायच्या, नाक गेलंय त्यांचं, त्याचा एवढा तरी फायदा. तुम्ही हात लावू नये म्हणून बरणीवर औषध म्हणून लिहून ठेवलंय म्हणायच्या. आम्ही दोघं लई हसायचो मामा, माफ करा."

मी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. अयुबला वाटलं मला राग आला.

पिठाच्या डब्यामागं चिनीमातीची बरणी आहे. तिच्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर तिच्या अक्षरात, 'गुडघ्याचं मलम. खाऊ नये.' सप्टेंबरच्या शेवटी मला ती सापडली. तेव्हापासून मी रोज सकाळी दोन्ही गुडघ्यांना चोळतोय. आराम पडतोय असं जस्मिनला सांगितलंही होतं. मुंग्यांचं कोडं तिथं बेकरीत उभ्या उभ्या सुटलं.

हे मी अयुबला सांगितलं नाही. म्हणालो, "डालडा किती लागंल?"

"किलोभर."

"घाल. मी बसत न्हाई आज. चहाला जातो."

नाताळच्या सकाळी उपासनेनंतर मी दोन डबे टेबलावर ठेवले. वरून तडे गेलेली, फुगीर नानकटाई. वच्छलाबाईंनी एक उचलली, अर्धी खाल्ली आणि माझ्याकडं बघितलं.

"ही बाईंची."

"व्हय."

"मग एवढे दिवस काय येड्यागत करत हुता?" त्यांनी उरलेली अर्धी तोंडात टाकली. चार माणसं ऐकत होती. "साजूक तुपातली ना?"

चर्चच्या दारात, नाताळच्या दिवशी, खोटं बोलायचं नव्हतं. तिचं नावही घालवायचं नव्हतं.

"तूप घरी हाय," मी म्हणालो. "तुम्ही अजून एक घ्या."

त्यांनी दोन घेतल्या. घरी जाऊन मी भात टाकला. बरणीतलं उरलेलं तूप माझ्या बोटांनी खराब झालं होतं, ते गुडघ्यांनाच ठेवलं. नवनाथच्या डब्यात पावशेर शिल्लक होतं. त्यातलं चमचाभर भातावर घातलं आणि वाटीत परत काढलं नाही.