मालुबाईच्या तोंडचं वाक्य

बोरगावची मालुबाई एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आज ती बेळगावला सूड घ्यायलाच निघाली होती, आणि बसमध्ये शेजारणीला तसं सांगूनही टाकलं होतं.

झालं होतं असं. पीएचडी करणारा धवल गेल्या वर्षी तिच्या सोप्यात अर्धा तास बसला, चहा प्यायला, फोन आला तसा उठून गेला. पुन्हा फिरकला नाही. उरलेली मुलाखत त्याने एआयकडून लिहून घेतली. यंत्राला वाटलं, सीमेवरची मराठी म्हातारी, म्हणजे कानडीवर जळणारच. प्रबंधात मालुबाईच्या नावानिशी आलं, 'कानडी सून आम्हाला नकोच होती.' ते पान फिरत फिरत तिच्या सुनेच्या, तेजस्वीच्या मोबाइलवर गेलं. कानडी घरातली गुणी पोर ती, नातवाला घेऊन मुकाट चिकोडीला माहेरी गेली. दिवाळी झाली तरी सासूचा फोन उचलेना.

धवलची ही चलाखी सांगितली त्याच्याच विभागातल्या अदितीने. भाषांतराला एआय तीही वापरायची. पण मग मुलाखत दिलेल्या प्रत्येक बाईपुढे बसून वाचून दाखवायची, 'हेच म्हणालात ना?' तीच म्हणाली, "आज्जी, त्याची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही प्रश्न विचारू शकतं."

बेळगावला परीक्षेच्या दालनात धवल कोट घालून ताठ उभा होता. "सगळ्या मुलाखती मी स्वतः घेतल्या, मराठीत आणि कानडीत."

कुणाला काही विचारायचंय का, असं परीक्षकांनी म्हणताच मालुबाई उठली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं दोन्ही भाषांत भांडलेली बाई ती. तिने खणखणीत कानडीत विचारलं, "माझ्या सुनेबद्दल मी तुला काय सांगितलं होतं?"

धवलला एक अक्षरही कळलं नाही. धारवाडकडचे परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "सांगा, काय विचारतायत त्या?"

धवलने खिशातून मोबाइल काढला.

"इच्यार की रं तुझ्या यंत्राला," मालुबाई मराठीत म्हणाली. "माझ्या तोंडात तेनंच घातलंय न्हवं?"

परीक्षकांनी प्रबंध मिटला. पदवी अडकली. खोटं कशाला बोला, मालुबाईचा जीव अगदी थंड झाला.

बाहेर धवल तिच्या पायाशी वाकला. "आज्जी, चुकलं माझं. माफ करा."

मालुबाईने पाय मागे घेतले. "माझ्याकडं न्हाय. चिकोडीला माझी सून हाय, तिच्याकडं माग माफी. आन् कानडीत माग. यंत्र घरात ठेवून जा."