दाराची वीट

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरील बालवाडीच्या एकाच दारात, एका हिवाळ्यात, दोन लेकरांची बोटे चिरडली. दोन्ही दिवशी सकाळी दार उघडे राहावे म्हणून त्याला वीट लावलेली होती. दोन्ही वेळा दाराजवळ एकही मोठे माणूस नव्हते.

पहिल्या लेकराचे नख गेले. ते पुन्हा आले. दुसऱ्या खेपेस, हिंगोली जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या माघात, चार वर्षांच्या दिपाच्या करंगळीचे पेर बिजागरीच्या फटीत राहिले.

शिकवणे आणि खिचडी रांधणे, दोन्ही पद्माबाईंकडेच होते. बाईंनीच दार ओढले असणार, असे तांड्यावर बोलले जाई. आपण ओढले नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. ऐकून ऐकून तेही ठाऊक राहीनासे झाले.

पद्माबाई दिपाला पाहायला गेल्या. आजी रुख्मिणीबाई उंबऱ्यातच बसली होती.

"वीट होती म्हनता, मंग दार काहून लागलं?"

"सकाळी मीच लावली होती, आजी. या हातानं."

"जागाच बराबर न्हाई," दिपाचा चुलता शंकरसिंग म्हणाला. "एक बकरं द्या तिथं."

"खानार तूच. दाराला काय भेटंल?" म्हातारी खेकसली. मग पद्माबाईंकडे न पाहता म्हणाली, "लेकरू तुमच्या भरोशावर धाडलं होतं, बाई."

दिपाने पट्टी बांधलेला हात पुढे केला. "बाई, दादाचा दात परत आला. माझं बोट कवा येईल?"



दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत एकही लेकरू आले नाही. रिकाम्या खोलीत बसून त्यांनी दोन्ही दिवस आठवून पाहिले. दोन्ही दिवशी वारा होता. बाहेर जाळ टिकेना, म्हणून खिचडी आत शिजवली होती. तसाच वारा सुटला, तेव्हा त्यांनी त्या दिवशीची सगळी कामे त्याच क्रमाने करायला घेतली.

दार बाहेर उघडले, वीट लावली. बिजागरीच्या फटीत बोटाच्या जागी ज्वारीचा धांडा खोवला. आत चूल असली की चटका बसू नये म्हणून पद्माबाई लेकरांना बाहेर, दाराआड उभे करीत. आणि लेकरे फटीला बोटे धरून खिचडीचे पातेले निरखीत. दिपा तिथेच होती.

मग चूल मांडली. पातेले ठेवले, पाणी ओतले, जाळ केला. धूर कोंडला. फटीशी उभ्या लेकरांच्या डोळ्यांना झोंबू नये म्हणून त्या दिवशी उघडली होती, तशी मागची खिडकी उघडली.

दार धाडकन लागले. धांड्याचा तुकडा आत येऊन पडला.

वीट सरकली असेल म्हणून त्या बाहेर गेल्या. उंबऱ्याशी वीट नव्हती. भिंतीकडेला नव्हती, पायरीखाली नव्हती. त्या परत आत आल्या आणि चुलीकडे पाहत उभ्या राहिल्या. पातेल्याखाली दोन दगड होते आणि तिसरी वीट. थोड्याच वेळापूर्वी ती त्यांनीच उचलून आणली होती, आणि उचलल्याचे त्यांना आजही आठवत नव्हते.

बाहेरची चूल पक्की बांधलेली होती; आतल्या चुलीला दोनच दगड होते. वाऱ्याच्या दिवशी तिसरा दगड म्हणून पद्माबाई दाराची वीट घेत. दार धरून ठेवायला दुसरे काहीही नव्हते. मागची खिडकी उघडली की वारा आरपार जाई, आणि दार लागे.