मागे एक आहे

"आज एकदा जरी चुकलीस ना आई, तर किल्ली माझ्याकडे," ट्रॉयने सकाळी सात वाजता चारचौघांत सांगून टाकलं. "रविवारी गाडी बघायला माणूस येतोय. मी त्याला हो म्हणून मोकळा होणार."

"आणि नाही चुकले तर?" हेल्मेटचा पट्टा आवळत व्हर्नाने विचारलं.

"मग बघू."

"बघू-बिघू नाही. नाही चुकले तर त्याला फोन करायचा आणि सांगायचं, बाबा रे, रविवारी घरीच बस."

व्हर्ना हॅस्केलला त्र्याहत्तरावं लागलं होतं. त्यातली चाळीस वर्षं ती नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन बसली. ती डावीकडे म्हणाली की गस उजवीकडे वळायचा, आणि वाट चुकली की खेकसायचा तिच्यावर. गस गेला, आणि तीन महिन्यांच्या आत तिने स्वतःच्या नावावर लाल गाडी घेतली. शेजारी-शेजारी दोन सीटची, दाराच्या जागी जाळी, डोक्यावर लोखंडी पिंजरा, वाळू म्हणू नका, खडक म्हणू नका, कोरडा ओढा म्हणू नका, कुठेही घुसणारी. हिवाळ्यात ॲरिझोनाच्या त्या भागात निम्मी म्हातारी माणसं असल्याच गाड्यांतून धूळ खात हिंडतात. त्यात नवल काहीच नव्हतं. पण डिसेंबरात व्हर्ना एकदा वाट चुकून दोन तास उशिरा घरी आली, आणि जानेवारीत गॅसवर ठेवलेल्या किटलीचं बूड जळलं. झालं! तेवढ्यावर पोराने आईला कामातून गेलेली ठरवून टाकलं. किटली काय, कोणाची जळत नाही?

त्या दिवशी सात गाड्या निघणार होत्या. सगळ्यात पुढे मर्ल टॅकेट. उभा जन्म शाळेची बस चालवली, आणि मोजण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. त्याने बोट नाचवत मोजलं. "सहा, आणि मी सातवा! व्हर्ना, तू शेवटी. तुझ्यापुढे ट्रॉय. म्हणजे पोराची नजर राहील तुझ्यावर."

"माझी नजर त्याच्यावर राहील," व्हर्ना म्हणाली. दोघीतिघी हसल्या. ट्रॉय हसला नाही.

मग सगळ्यांनी फॉइलमध्ये गुंडाळलेले बरिटो, म्हणजे सारण भरलेल्या मेक्सिकन पोळ्या, आपापल्या इंजिनावर तारेने बांधले. जुन्या खाणीपाशी पोचेपर्यंत ते आयते गरम होतात. आणि धुरळा उडाला.

या लोकांचे नियम थोडेच, पण ते अंगात मुरलेले. वाट फुटली की मागची गाडी दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. समोरून दुसरी मंडळी आली की आपल्यामागे किती आहेत ते बोटांनी दाखवायचं, आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याने मूठ दाखवायची. म्हणजे समोरच्याला कळतं, वळणाआडून अजून कोणी अंगावर येणार आहे की नाही. आणि गुरांच्या कुंपणाचं फाटक लागलं तर ते शेवटच्याने उतरून लावायचं.

नऊच्या सुमारास फाटक आलं. सहाही गाड्या पलीकडे गेल्या आणि व्हर्ना उतरली. तिने फाटकाला हात घातला तेवढ्यात बाजूच्या मुक्कामाच्या तळावरून एक जुनी हिरवी गाडी खडखडत आली. आत वाळकुंड्या अंगाचा एक म्हातारा. एका हातात मोजा, दुसरा उघडाच.

"बाई, तुमच्या मंडळींमागून आलो तर चालेल का?" तो म्हणाला. "एकट्याने हिंडायला डॉक्टरने मनाई केलीय. आणि आता बरोबर यायला कोणी उरलं नाही."

"या की! नाव काय तुमचं?"

"ऑरिन. माझ्याकडे रेडिओ नाही हं."

"नसू दे. माझ्या धुळीच्या मागे मागे या."

"मग फाटक मी लावतो, तुम्ही व्हा पुढे. ही कडी अडकते. मला तिची खोड माहीत आहे."

गाडीत बसल्या बसल्या व्हर्नाने रेडिओचं बटण दाबलं. "मर्ल, माझ्यामागे एक वाढलाय." पण मर्लची सापाची गोष्ट रंगात आली होती, आणि त्या रेडिओवर एकजण बोलत असला की दुसऱ्याचं कोणाला ऐकू जात नाही. व्हर्नाला वाटलं, ऐकलं असेल. चुकलंच तिचं. परत सांगायला हवं होतं.

पुढे अरुंद घळीत समोरून पाच गाड्या आल्या. मर्लने सहा बोटं दाखवली. मागच्यांनी पाच, चार, तीन, दोन. ट्रॉयने एक. व्हर्नाने आरशात पाहिलं, मागे धूळ होती, धुळीत एक दिवा होता. तिनेही एक बोट दाखवलं.

घळ संपली तिथे वाट दुभंगत होती. ट्रॉय थांबला होता. आईची गाडी दिसल्यावर नियमाप्रमाणे तो खाणीच्या वाटेला लागला. व्हर्ना त्याच जागी थांबली. पाच मिनिटं गेली. धूळ नाही, दिवा नाही. दहा मिनिटं गेली.

"व्हर्ना, अगं कुठे अडकलीस?" मर्ल रेडिओवर ओरडला. "आम्ही खाणीवर पोचलो. बरिटो कसा झकास गरम झालाय!"

"फाट्यावर आहे. मागचा यायचाय."

"मागचा कोण? शेवटची तूच."

"माझ्यामागे एक आहे, मर्ल. आठ गाड्या आहेत आपल्या."

"सात! मी स्वतः मोजल्यात."

"मग तुझं मोजणं चुकलंय."

मग ट्रॉयचा आवाज आला, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसा. त्या आवाजानेच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आई, कोण आहे मागे?"

"एक म्हातारा. हिरवी गाडी. फाटकापाशी भेटला."

"आई, फाटकापाशी मी आरशात बघत होतो. तू एकटी उतरली होतीस. आणि घळीत तू बोट दाखवलंस. शेवटच्याने मूठ दाखवायची असते, हे तू कधी विसरली नव्हतीस."

"मी आजही विसरलेले नाही!"

"बरं. जागची हलू नकोस. मी येतोय. नंतर बोलू आपण."

नंतर बोलू म्हणजे काय, ते व्हर्नाला पक्कं ठाऊक होतं. किल्ली, रविवारचा माणूस, आणि मग मरेपर्यंत ट्रॉयच्या शेजारची सीट. मांडीवर नकाशा.

ती जागची हललीच नाही तर निदान एवढं तरी म्हणता येईल की आईने ऐकलं. ती मागे गेली आणि मागे कोणी नसलं, तर सगळं संपलंच. आणि खरं सांगायचं तर त्या उन्हात, त्या शांततेत, तिलाच एकदा शंका आली. किटली गॅसवर होती हेही तिला आठवलं नव्हतं. माणूस होता ना तो? तिने डोळे मिटले. एका हातात मोजा, एक हात उघडा. कडी अडकते म्हणाला. कडीची खोड माहीत असलेला माणूस मी कशाला मनातून काढू? माझ्या तर स्वप्नातही असला वाळका म्हातारा यायचा नाही!

"खड्ड्यात गेला मर्ल," ती मोठ्याने म्हणाली. उतरून तिने वाळूत दगड मांडले, मागे वळणारा ठसठशीत बाण केला, गाडीतली आपली नारिंगी टोपी त्यावर ठेवली आणि गाडी उलटी फिरवली.

घळीच्या मध्यावर चाकांचे माग वाटेवरून कडेला गेले होते. समोरच्या पाच गाड्यांना वाट द्यायला तो बाजूला झाला असणार, आणि ते गेल्यावर परत वर येताना कड ढासळली असणार. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात हिरवी गाडी उताणी पडली होती, आणि इंजिन चालूच असल्याने एक चाक अजून हळूहळू फिरत होतं. पेट्रोलचा वास येत होता.

व्हर्ना बसून, घसरत, पँटचं वाटोळं करत खाली उतरली. ऑरिन पट्ट्यांना उलटा लोंबत होता. तोंड लालबुंद. दोन्ही हात त्याने शहाण्यासारखे छातीशी धरून ठेवले होते, म्हणून ते शाबूत होते.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"का नाही येणार? फाट्यावर तुमचीच वाट बघत होते." तिने आत हात घालून आधी इंजिन बंद केलं. "पट्टा सुटतोय का?"

"नाही. खांद्यात काहीतरी मोडलंय."

"मग मी कापते. माझ्या पाठीवर पडा. वजन किती तुमचं?"

"बायको गेल्यापासून फारसं नाही."

ती गुडघ्यांवर बसली, पाठ त्याच्याखाली घातली आणि खिशातला चाकू काढून चालवला. शेवटचा धागा तुटला तसा तो तिच्यावर कोसळला, ती वाळूत तोंडघशी पडली, आणि तशीच, इंच इंच सरकत, तिने त्याला पिंजऱ्याबाहेर ओढलं. दोघं पालथी पडून धापा टाकत होती, तेव्हा वरून हाक आली.

"आई! तुला जागची हलू नको म्हटलं होतं ना! म्हटलं होतं की नाही? तू..."

ट्रॉय काठावर उभा होता. त्याच्या हातात तिची नारिंगी टोपी होती. त्याने उताणी गाडी पाहिली, मग म्हाताऱ्याला पाहिलं.

व्हर्ना उठून बसली. तोंडातली वाळू थुंकली.

"मोज," ती म्हणाली.

"आई..."

"मोज म्हणते ना! मोठ्याने."

ट्रॉयने उताण्या हिरव्या गाडीकडे बोट केलं. "आठ," तो म्हणाला.

मग सगळे आले. मर्लची सापाची गोष्ट कुठल्या कुठे गेली होती. "अगं, पण मला सांगायचंस ना," तो पुटपुटला.

"सांगितलं होतं. तू बटण सोडशील तर कोणाचं ऐकू येईल."

ऑरिनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याचा हात स्कार्फने छातीशी बांधला आणि त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. हिरवी गाडी उद्या ओढून आणू, असंही ठरलं. तरी मर्लला नेतेपण सोडवेना. "व्हर्ना, तू दमलीयस. किल्ली दे ट्रॉयला, आणि तू शेजारी बस निवांत."

व्हर्नाने ट्रॉयकडे पाहिलं. ट्रॉयने किल्ली मागितली नाही, नारिंगी टोपी तेवढी तिच्या हातात दिली. मग तिने ऑरिनला धरून आपल्या गाडीपाशी नेलं, आत बसवलं आणि त्याचा पट्टा स्वतःच्या हाताने लावला.

"शेजारची सीट भरली, मर्ल," ती म्हणाली.

परतताना ती पुन्हा शेवटी. दगड आला की हळू, वाळू आली की जोरात. इंजिनावर तिचा बरिटो कधीच करपून कोळसा झाला होता.

"गाडी छान चालवता," ऑरिन दात आवळून म्हणाला.

"खोटं बोलू नका. तुमचा खांदा ठणकतोय."

"ठणकतोय. तरी छान चालवता."

प्रत्येक फाट्यावर ट्रॉय थांबलेला असायचा. आई दिसली की निघायचा. आणि फाटकाच्या अलीकडे समोरून मंडळी आली. मर्लने बोटं वर केली. यावेळी आधी मागे वळून, नीट मोजून. मागच्यांनी केली. व्हर्नाची नजर पुढच्या गाडीवर होती. ट्रॉयचा हात जाळीतून बाहेर आला, चांगला खांद्याच्या वर गेला, आणि एक बोट ताठ उभं राहिलं. समोरची शेवटची गाडी निघून गेली तरी त्याने हात खाली घेतला नाही.

व्हर्नाने डाव्या हाताची मूठ वळली आणि वर धरली. फाटकापाशी पोचल्यावर ती उतरली, आणि ती अडकणारी कडी तिनेच लावली.