कुठून बाहेर?

त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या हार्युला गावात इतका बर्फ पडला, की कुणाचं घर कुठलं ते कळावं म्हणून आम्ही धुराड्यांना रंगीत फडकी बांधली होती. माझी बायको हिरवं फडकं बघून खाली उतरायची. एकदा शेजाऱ्यानंही हिरवंच बांधलं, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याकडे स्वयंपाक करत राहिली. शेजारी काही बोलला नाही. एक तर आम्ही फिनलंडची माणसं उगाच बोलत नाही, आणि दुसरं म्हणजे स्वयंपाक चांगला होता.

तर आइमो कोर्तेलांपीचं सांगत होतो. मिशिगनमधल्या आमच्या तांब्याच्या खाणीत अकरा वर्षं सुरुंगाची वात पेटवायचं काम त्याच्याकडे. हात असा स्थिर, की वातीवरच बिडी पेटवून घ्यायचा. पण शरद ऋतूत एक घोटाळा झाला. मुकादम इंग्रजीत ओरडला, ‘गेट आउट!’ सगळे पळाले आणि आइमो तिथंच उभा राहून विचारू लागला, ‘कुठून?’ त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. टोपी मात्र खाणीच्या तोंडातून उडाली ती आठ दिवसांनी चर्चच्या घंटेत सापडली. रविवारी घंटा वाजेना, म्हणून कुणीतरी वर चढून बघितलं.

मग वरून हुकूम आला. सुरुंगावरच्या माणसाला इंग्रजीतलं ‘बाहेर’ कळलंच पाहिजे. खाणीचे कॅप्टन स्वतः परीक्षा घेणार. नापास झाला तर दगडाच्या गाड्या ढकलायच्या. आइमोची कंबर आधीच मोडकी. गाड्या ढकलत तो ईस्टरसुद्धा बघणार नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याची बायको सेल्मा तर त्याच्याकडे असं बघायला लागली होती, जसं आपण जुन्या घोड्याकडे बघतो.

आइमो मठ्ठ होता असं समजू नका. अडचण वेगळीच होती. आमच्या भाषेत माणूस आधी जागा सांगतो: घरातून, खिशातून, छपरावरून. आतून निघालं तर एक शेपूट, वरून निघालं तर दुसरं, आणि ते त्या घरालाच चिकटवायचं. इंग्रजी बोलणाऱ्यांचं तसं नाही. ते क्रिया करून मोकळे होतात आणि तिच्यामागून ‘आउट’ नाहीतर ‘ऑफ’ असं एक पिल्लू सोडून देतात. चहा ओतला, पिल्लू. वास सुटला, पिल्लू. गुपित फुटलं, गर्दी पांगली, आणखी दोन पिल्लं. कशातून, कशावरून, हे सांगायचं राहून गेलं तरी त्यांना झोप लागते. आइमोला लागत नसे.

दर बुधवारी दारूबंदी मंडळाच्या सभागृहात ओट्सबाई इंग्रजी शिकवायच्या. किटली, कांदा आणि पिसांची उशी घेऊन यायच्या बिचाऱ्या. आमच्या फिन लोकांत इंग्रजी कळणारा मी एकटा, म्हणून मी शेजारी बसून समजावायचो.

‘‘चहा बाहेर आला,’’ बाई किटली वाकडी करून म्हणायच्या. ‘‘पोअर आउट. म्हणा.’’

‘‘किटलीतून, बाई?’’ आइमो विचारायचा.

‘‘हो, पण ते सांगायची गरज नाही.’’

‘‘किटलीला काय वाटेल?’’

मग बाई उशी फाडायच्या. पिसं सगळीकडे उडायची. आइमो एकेक पीस उचलून पुन्हा उशीत भरायचा आणि म्हणायचा, ‘‘आता कुठून आलं ते कळलं.’’ तीन महिन्यांत त्यानं एक उशी चार वेळा भरली. बाईंच्या केसांतलं शेवटचं पीस, म्हणतात, त्यांच्या लग्नात निघालं.

परीक्षा शनिवारी दुपारी ठरली. कॅप्टन ट्रेगेअर मला दुभाषा म्हणून घेऊन आइमोच्या घरी आले. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे, मिशा अशा की त्यांच्यावर कंदील टांगावा, आणि कोटाच्या खिशात बायकोनं दिलेली मांस-बटाट्याची गरम पेस्टी. दारातच सेल्मानं अडवलं.

‘‘त्यांना सांग अर्वी,’’ ती मला म्हणाली, ‘‘शनिवारी सॉना झाल्याशिवाय या घरात कामाचं बोलणं होत नाही. सकाळपासून तापवलाय. आधी वाफ, मग जगातलं बाकीचं.’’

‘‘आंघोळच ना?’’ कॅप्टन म्हणाले. ‘‘आतच परीक्षा उरकू. पाच मिनिटांचं काम. अरे, मी दोन हजार फूट खाली काम केलंय, मला उष्णतेचं काय सांगता?’’

अंगणातल्या लाकडी सॉनाच्या छपरावर चार फूट बर्फ होता. आम्ही तिघे कपडे काढून आत गेलो आणि वरच्या फळीवर बसलो. आता आमच्यात पाहुण्याआधी यजमान सॉनातून उठत नाही. आणि कॅप्टनांनी कुठंतरी ऐकलं होतं, की जो आधी उठला त्याला फिन लोक वर्षभर हसतात. तेव्हा दोघंही बसले ते बसलेच.

आइमोनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ आली. कॅप्टनांच्या मिशा खाली वळल्या.

‘‘पहिला प्रश्न,’’ ते म्हणाले. ‘‘हे काय झालं, सांग इंग्रजीत.’’

आइमो विचार करू लागला. त्याचा विचार म्हणजे बैलगाडी. ‘‘दगडातून की पाण्यातून?’’ त्यानं मला विचारलं.

‘‘काय म्हणतोय?’’

‘‘विचार करतोय, कॅप्टन.’’

आइमोनं पाहुण्याचा मान म्हणून आणखी एक पळी टाकली. मग आमच्या रिवाजाप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांनी त्यांच्या पाठीवर सपासप. तिसऱ्या पळीला फळीतल्या खिळ्यांनी डोकी वर काढली. चौथ्या पळीला बाहेर टांगलेल्या कोटाच्या खिशातली पेस्टी दुसऱ्यांदा भाजून निघाली. वास मी स्वतः घेतला. पाचव्या पळीला कॅप्टन उठले.

सॉनाचं दार बाहेर ढकलायचं असतं. कडी नाही, काही नाही, खांदा लावला की उघडतं. हे आमचं रांगतं पोरसुद्धा जाणतं. पण कॅप्टनांच्या घरची सगळी दारं आत ओढून उघडायची. त्यांनी ओढलं. आणखी जोरात ओढलं. मूठ हातात आली.

मग मात्र त्यांच्या तोंडून अशी इंग्रजी सुटली, की ओट्सबाईंनी वही काढली असती. ‘‘लेट मी आउट! गेट मी आउट!’’

आइमो शांतपणे फळीवरून खाली वाकला. त्याला खरंच मदत करायची होती.

‘‘कुठून, कॅप्टन?’’

‘‘कुठून? अरे गाढवा, इथून! या भट्टीतून!’’

‘‘असं सांगा की,’’ आइमो म्हणाला आणि त्यानं पायानं दार ढकललं.

कॅप्टन निघाले ते सरळ समोरच्या बर्फात घुसले. इतके तापले होते की बर्फ फसकन वितळला आणि ते छातीपर्यंत खड्ड्यात उतरले. त्यांच्या अंगातून निघालेला वाफेचा ढग पुढं जाऊन तीन मैलांवरच्या गावावर बरसला, असं तिथले लोक सांगतात. आइमो दारात उभा राहून बघत होता. मी आतच होतो. मला घाई नव्हती.

‘‘नापास!’’ खड्ड्यातून आवाज आला. ‘‘कोर्तेलांपी, तू नापास! माणूस मरतोय आणि तू पत्ता विचारतोस! सोमवारपासून गाड्या ढकल!’’

आइमोनं मान खाली घातली. तेवढ्यात छपरावर कर्रकन आवाज झाला. सकाळपासूनच्या विस्तवानं चार फुटांचा बर्फ सुटला होता, आणि आइमो बरोबर त्याच्याखाली. कॅप्टनांनी वर पाहिलं, आणि खाणीतला जुना गळा लावून ओरडले, ‘‘गेट आउट!’’

‘आउट’मधला ‘आ’ हवेत होता तेव्हा आइमो उडाला. मोडकी कंबर, पंचावन्न वर्षांचा माणूस, अंगावर सूत नाही, तो बेडकासारखा उडाला आणि कॅप्टनांच्या खड्ड्यात जाऊन पडला. मागं सगळं छप्पर रिकामं झालं. दार आपटून मिटलं आणि तो उभा होता तिथं बर्फाची भिंत.

दोघांनी डोक्यावरचा बर्फ झाडला.

‘‘या वेळी विचारलं नाहीस, कुठून ते,’’ कॅप्टन म्हणाले.

‘‘विचारायला गेलो असतो, तर उत्तर ऐकायला उरलो नसतो.’’ हे त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, एकट्यानं, माझ्याशिवाय.

‘‘हेच, हेच पाहिजे होतं मला. सेल्माबाई, पेन्सिल आणा. कोट आधी आणा.’’

सेल्मानं कोट आणले, कॉफी आणली. कागदावर सही झाली. हे सगळं मी ऐकलं, बघितलं नाही; कारण ती बर्फाची भिंत दाराबाहेर होती, दार बाहेर उघडणारं होतं, आणि मी आत होतो. दगड अजून तापलेले. मी मिशिगनभर ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत ओरडलो, की मला खणून बाहेर काढा.

बाहेर कपबश्या वाजल्या. कुणीतरी कॉफी भुरकली. मग आइमोचा संथ, समाधानी आवाज आला:

‘‘कुठून, अर्वी?’’